नोन्ना, आजी आणि आर्यिका

प्रश्न असा: इटलीतल्या घरोघरी चालत आलेल्या स्वयंपाकावरच्या लेखाचं भाषांतर करताना 'नोनाची रेसिपी' तसंच ठेवावं, 'नोना आजीची' करावं, की नुसतं 'आजीची'?

आधी ते 'नोना' खोडा. मेनूकार्डांवर वाचून वाचून डोळे दुखले. इटालियनमध्ये जोडाक्षरावरचा जोर चुकवला की अर्थ बदलतो. नोन्ना म्हणजे आजी आणि नोना म्हणजे नववी. 'नोनाचं किचन' हे नववीचं स्वयंपाकघर झालं. नववीच्या वर्गाचं की नवव्या सुनेचं, देव जाणे. आणि 'नोन्ना आजी' हा तर पिवळा पीतांबरच.

आता खरी गंमत. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'नोन्ना' हे वडीलधाऱ्या बाईला आदरानं म्हणायचे. संत जेरोमच्या इ.स. 384 च्या पत्रात तोच शब्द संन्यस्त स्त्रियांसाठी आला आहे. इंग्रजीतली 'नन' त्यातूनच निघाली. इटालियनमध्ये मात्र हा शब्द आजीकडे राहिला.

आणि आपली आजी? संस्कृत आर्यिका, प्राकृत अज्जिआ, मराठी आजी. पालीत अय्यिका म्हणजे आजी, आणि भिक्षुणीला हाक मारायची तीही 'अय्ये' अशी. दिगंबर जैन साध्वी आजही आर्यिकाच. कोल्हापूर-सांगलीकडे 'आर्यिका माताजी' रोज कानावर पडतं. म्हणजे तिकडे आणि इकडे, आदराचा एकच शब्द निम्मा मठात गेला आणि निम्मा चुलीपाशी बसला!

'आजी कानडीतून आली' असं ठासून सांगणारे विद्वान आहेत. कानडीत अज्जी आहे, मान्य. पण शेजाऱ्याच्या अंगणात दिसलेली प्रत्येक मांजर शेजाऱ्याची नसते. पालीतल्या अय्यिकेचं काय करायचं, हे त्यांनी सांगावं.

आणखी एक, माझ्या लाडाचं. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात एक कवी घरचं सांगतो: 'कारुरहं ततो भिषगुपलप्रक्षिणी नना'. मी कवी, बाप वैद्य आणि नना, म्हणजे आई, दगडावर धान्य दळते. नना! भाषाशास्त्री लगेच बजावतील की हे बाळबोल आहेत, 'न-न' आणि 'म-म' कुठल्याही पोराच्या तोंडी येतं, त्यावरून नातं जोडू नये. नका जोडू. मला मात्र जात्या-पाट्याशी बसलेली ती नना आणि इटलीतल्या बोलोन्या शहरातली नोन्ना एकाच माजघरातल्या वाटतात. या नोन्नाच्या पास्त्याच्या कणकेला 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं, एवढंच प्रमाण. मग हातभर लांब 'मात्तारेल्लो', म्हणजे लाटणं, घेऊन ती पोळी लाटत जाते. पोळीला नाव 'स्फोल्या'. त्यात 'फोल्या' म्हणजे झाडाचं पान. किती पातळ लाटायची? आरपार बघितलं तर टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ दिसलं पाहिजे, असं बोलोन्यात सांगतात. आपल्याकडच्या मांड्यांची आठवण आली ना?

हां, भाषांतराचं राहिलंच. 'आजीची' लिहा. इटालियन नाद हवाच असेल तर 'नोन्नाची'. आणि अनेकवचन 'नोन्ने' होतं; 'नोन्नाज' लिहून पाठवलंत तर मी पुढे वाचणार नाही.