‘चेस’, शह आणि मात

‘चेस’ हा शब्द ‘शतरंज’वरून आला का, आणि शतरंज म्हणजे ‘शंभर दुःखं’ का, असा प्रश्न आहे. दोन्हींचं उत्तर नाही. ‘शत’ आणि ‘रंज’ असे तुकडे पाडून केलेली ही व्युत्पत्ती कितीदा खोडली तरी पुन्हा कुणीतरी फिरवतंच. मूळ शब्द आपला ‘चतुरंग’. इराणात त्याचा ‘चत्रंग’ झाला. अरबीत ‘च’ आणि ‘ग’ नाहीत, म्हणून पुढे ‘शतरंज’. अरबांबरोबर तो पश्चिमेला गेला आणि पोर्तुगीजात ‘शद्रेश’ झाला. दुःखाचा यात कुठेही संबंध नाही.

इंग्रजी ‘चेस’ मात्र चतुरंगाच्या कुळातला नाहीच! तो फारसी ‘शाह’चा वंशज. राजावर हल्ला झाला की ‘शाह’ म्हणून बजावायचं. तो शब्द लॅटिनमार्गे जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला. त्याच्या अनेकवचनावरून इंग्रजीत खेळाचं नाव ‘चेस’ पडलं, एकवचनावरून ‘चेक’. या ‘चेक’चा अर्थ आधी अडवणं, मग तपासणं असा सरकत बँकेपर्यंत पोचला आणि पटाच्या चौकड्यांवरून चेक्सचं कापड आलं. चेक्सचा शर्ट घालून बँकेत चेक भरणारा माणूस दोनदा इराणच्या शहाचं नाव घेत असतो! आपला ‘शह’ही त्याच ‘शाह’चं आखूड रूप, म्हणजे ‘चेस’चा सख्खा नातेवाईक.

म्हणूनच ‘अमक्या संघाने तमक्याला शह देत चषक जिंकला’ असं वाचलं की डोकं उठतं. शह म्हणजे राजावर रोख. राजा सरकू शकतो, मोहरं आड घालता येतं, उलट काटशहही बसू शकतो. जिंकलात तर ‘मात’ म्हणा.

आणि ‘मात’ म्हणजे मृत्यू नव्हे. ‘शाह मात’चा अर्थ ‘राजा मेला’ असा देणारे कोश अरबी ‘माता’ (मेला) या क्रियापदाकडे बोट दाखवतात. मला हे साफ अमान्य आहे. खेळ इराणातून अरबांकडे गेला, उलट नाही. आणि फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, थक्क. शिवाय पटावर राजाला कुणी मारतच नाही, तो कोंडला की डाव संपतो. मराठीने नेमका हाच अर्थ जपलाय: निवडणुकीत ज्याच्यावर मात केली, तो हरलेला असतो, मेलेला नसतो.