मुलाला ‘बिड’ मिळाली, आता?

प्रश्न : ताई, आमचा मुलगा पहिल्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाला, ‘आई, मला बिड मिळाली.’ मला वाटलं इंटर्नशिपचं काहीतरी असेल. निघालं फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजच्या मुलग्यांच्या संघटनेत, सामील व्हायचं आमंत्रण! ह्यांनी फोन हातातून घेऊन ‘नाही म्हणजे नाही’ सांगून टाकलं. तेव्हापासून तो फोन उचलत नाही.
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : त्याने आपणहून सांगितलं, हे तुमचं नशीब. बऱ्याच घरांत आधी ड्यूजचं, म्हणजे वर्गणीचं, बिल येतं आणि मग उलगडा होतो.

तुमच्या ह्यांना हॉस्टेलमधलं रॅगिंग आठवत असणार. महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा आला १९९९ साली, म्हणजे आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी ते आधीच भोगलं होतं. इकडे त्यालाच हेझिंग म्हणतात. फरक एवढाच की तिकडे खोली मिळाली की सीनियर आपोआप वाट्याला यायचे. इथे मुलगा स्वतःच्या पायाने जातो, वर वर्गणी भरतो, आणि ‘भाऊ’ मिळणार म्हणून बरंच काही सोसतो.

‘फ्रॅटर्निटी चांगली की वाईट’ यावर वाद घालत बसू नका. त्याला विचारा, तुझ्या चाप्टरला (फ्रॅटर्निटीच्या तिथल्या शाखेला) आज युनिव्हर्सिटीची मान्यता आहे का? चाप्टरला सनद देते राष्ट्रीय संस्था, मान्यता देतं विद्यापीठ, आणि घर पुष्कळदा असतं माजी सदस्यांच्या मंडळाच्या मालकीचं. त्यामुळे विद्यापीठाने हात काढून घेतला तरी घर तिथेच उभं असतं आणि शुक्रवारी गाणीही वाजत असतात.

कोलोरॅडोतल्या बोल्डरचंच बघा. सप्टेंबर २००४ मध्ये तिथे एका फ्रॅटर्निटीने नव्या पोरांना डोंगरात नेऊन व्हिस्की आणि वाइन पाजली. त्यातल्या १८ वर्षांच्या एका मुलाला फ्रॅटर्निटीच्या घरी आणून ‘झोपला की उतरेल’ म्हणून तसंच सोडलं. सकाळी तो मेलेला सापडला. मग विद्यापीठाने अटी घातल्या : भरती वसंत सत्रात करा, घरात देखरेखीला मोठं माणूस ठेवा. फ्रॅटर्निटींनी सही केली नाही. २००५ पासून त्या विद्यापीठाबाहेर, स्वतःची परिषद काढून चालू राहिल्या. गाव तेच, पोरंही त्याच विद्यापीठाची!

डिसेंबर २०२४ मध्ये सही झालेल्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार, हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांचा अहवाल विद्यापीठांना जाहीर करावा लागतो. तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधा. मान्यता नसलेल्या गटाचं नाव त्यात असेलच असं नाही, म्हणून तर तो पहिला प्रश्न. आणि चाप्टर देशी, म्हणजे दक्षिण आशियाई वंशाच्या, मुलांचा असला (१९९४ साली न्यू यॉर्कमधल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात आयोटा न्यू डेल्टा सुरू झाली, तेव्हापासून अशा बऱ्याच निघाल्या) तरी ‘आपलीच पोरं’ म्हणून चौकशी सोडू नका.

एक गोष्ट मात्र घोकून घ्या त्याच्याकडून : कुणी शुद्धीवर येत नसेल तर ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरवर फोन. बहुतेक राज्यांत मदत मागणाऱ्याला, तो दारूसाठीच्या २१ वर्षांच्या वयाच्या आतला असला तरी, दारूच्या गुन्ह्यातून सूट मिळते. नेमका नियम तुमच्या राज्याचा बघून घ्या. बोल्डरच्या त्या रात्री नडलं ते हेच, वेळेत फोन कुणी केला नाही.

माझा धाकटा असाच एका घरात राहिला. पेरेंट्स वीकेंडला गेले तर जिन्यावर चपला चिकटत होत्या आणि फ्रिजमध्ये मोहरीची एक बाटली सोडून काही नव्हतं. वर त्याची खोली बघून खाली येईपर्यंत स्वयंपाकघरात ठेवलेला चिवड्याचा डबा रिकामा! सहा फुटी पोरं ‘थँक यू, आँटी’ म्हणत बोटं चाटत उभी. दारं कुठे उघडतात, तळघरात काय आहे, जेवण कोण बनवतं, हे मला त्या पोरांनीच हिंडवून दाखवलं. फोनवर हे कधी कळलं नसतं.

तेव्हा आज फोन नको, मेसेज करा : ‘अभिनंदन. एकच प्रश्न आहे.’ पुढच्या पेरेंट्स वीकेंडला ह्यांनाही घेऊन जा. चिवडा दोन डबे न्या.