रिकाम्या पुंगळ्या वेचण्याआधी

निपाणीहून नेमबाजीच्या रेंजवर यायला लागलास, छान. उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या गोळा करायची हौसही चांगली, पण आधी थोडं ऐक.

पहिलं म्हणजे रेंज ऑफिसरने फायरिंग थांबवून बंदुका रिकाम्या करून घेतल्याशिवाय खाली वाकायचंच नाही. नवी पोरं इथंच चुकतात. शेजारचा नेम धरून बसलेला असतो आणि हे पायाशी चाचपडत असतात.

दुसरं, पॉइंट टू टूची, म्हणजे .22 इंची बोअरच्या काडतुसाची पुंगळी नीट बघ. बंदुकीच्या पिनचा चट्टा मधोमध नाही, कडेला आहे ना? पेट घेणारा मसाला त्या कडेतच असतो, म्हणून ती पुन्हा भरत नाहीत. स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते असल्याच काडतुसावर. पुन्हा भरतात ती मधोमध पेट देणारी टोपी असलेली.

पण घरी भरायचं डोक्यातून काढ. परवान्याशिवाय काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. वेचलेलं सगळं क्लबात जमा कर, हिशोब तिथं राहतो. न उडालेलं काडतूस दिसलं तर हात लावू नको, ऑफिसरला हाक मार. बेळगावच्या लष्करी रेंजकडं तर भंगाराच्या नादानं फिरकूसुद्धा नको.

आणि हात साबणानं धू, मगच डबा उघड. शिसं असतं पुंगळ्यांवर. टोप्या, मापं, बंदुकीची दारू हे सगळं नंतर बघू.