ॲप नंतर, आधी गिऱ्हाईक

प्रश्न: घरातली बिघडलेली उपकरणं दुरुस्त करायला ठरल्या वेळी कारागीर पाठवणारं ॲप काढायचं मनात आहे. ते तयार व्हायला सहा महिने लागतील. कल्पना चालेल का, हे त्याआधी कसं ओळखावं?

उत्तर: असं ॲप बनतं, हे ठाऊकच आहे. शंका आहे ती वेगळीच: वेळ पाळली म्हणून लोक चार पैसे जास्त देतील का, आणि कारागीर वेळ पाळतील का? तेवढंच तपासा.

एक पानाचं संकेतस्थळ, त्यावर नाव, पत्ता, बिघाड आणि सोयीची वेळ विचारणारा फॉर्म, फोन आणि एक्सेलची शीट एवढ्यावर भागतं. चार-पाच कारागिरांशी आधी बोलून ठेवा. उपकरण एकच घ्या, समजा वॉशिंग मशीन. सगळीच घेतलीत तर काम सुट्या भागांपायी अडलं की वेळेपायी, हे उमगत नाही. मागणी आली की कारागिराला फोन तुम्हीच करायचा. शीटमध्ये ठरलेली वेळ, पोहोचल्याची वेळ, मिळालेले पैसे आणि तुमची स्वतःची गेलेली मिनिटं लिहा. हा शेवटचा रकाना हमखास राहून जातो. एका भेटीमागे तुमचा तासभर जात असेल, तर त्या वेळेचा खर्च दरात बसतो का, हे आत्ताच पाहायला हवं.

१९९९ साली अमेरिकेतले उद्योजक निक स्विनमर्न यांनी दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून संकेतस्थळावर टाकले. मागणी आली की तोच जोड दुकानातून विकत घेऊन पाठवायचा. असा व्यवहार परवडणारा नव्हताच, पण लोक पायात न घालता बूट घेतात का, याचं उत्तर गोदामाशिवाय मिळालं. पुढे त्याचीच ‘झॅपोज’ ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी झाली.

‘४० भेटींपैकी निदान ३० वेळेवर’ असा तुमचा निकष सुरू करण्याआधी कागदावर लिहा. आकडे आल्यावर ठरवलेला निकष हमखास आपल्या बाजूने झुकतो. आणि फुकट सेवा देऊ नका. फुकटाला मिळालेल्या होकारावरून काहीच कळत नाही.

प्रश्न: २० जणांना विचारलं, एकानेही आगाऊ पैसे दिले नाहीत. कल्पना सोडावी का?

उत्तर: एवढ्यात नको. संख्याशास्त्रातला एक ठोकताळा आहे: शून्य होकार आले तर ३ ला माणसांच्या संख्येने भागा. ३ भागिले २० म्हणजे १५ टक्के. पैसे देणाऱ्यांचं खरं प्रमाण साधारण तिथपर्यंत असू शकतं. शंभरांत ५ गिऱ्हाइकांवर तुमचं भागणार असेल, तर निदान ६० जणांना विचारावं लागेल, कारण ३ भागिले ६० म्हणजे ५ टक्के. ते त्याच अडचणीतले हवेत, ओळखीचे नकोत. ओळखीची माणसं भिडेखातर एकदा पैसे देतात, दुसऱ्यांदा फिरकत नाहीत.