‘सवय होईल’ हे ठणक्याला ठीक, टोचणाऱ्या तारेला नाही

“मावशी, माझं वय १४. दातांना तारा लावून आज ५ दिवस झाले. दुसऱ्या रात्री दात इतके ठणकत होते की झोपच लागली नाही. आता ठणका कमी आहे, पण काही चावायला गेले की कळ येते. डाव्या बाजूची शेवटची तार गालात रुतते आणि तिथे जखम झाली आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘सगळ्यांनाच होतं, सवय होईल. शिवाय तारा तुलाच हव्या होत्या ना?’ तेव्हापासून मी काही बोलत नाही. दर महिन्याला डॉक्टर तार बदलणार आहेत. दर वेळी असंच होणार का? दोन वर्षं कशी काढू? मी फारच नाजूक आहे का? कधी कधी वाटतं, काढूनच टाका म्हणावं.”

तू नाजूक नाहीस, बाळा. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुझ्या पत्रातला तो प्रश्न वाचून मला फार वाईट वाटलं. दात दुखत होते तोवर तू बोललीस. आईचं ते वाक्य ऐकलंस आणि गप्प झालीस. मला काळजी वाटते ती त्या गप्प होण्याची.

तुला दोन दुखणी आहेत आणि ती तू एकाच गाठोड्यात बांधली आहेस. आपण ती सोडवू.

पहिलं दुखणं दातांचं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक पातळ अस्तर असतं, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचं. त्यात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. तारेने दात एका बाजूला ढकलला की त्या बाजूचं अस्तर दाबलं जातं, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि शरीर प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं सोडतं. या द्रव्यांच्या सांगण्यावरून काही पेशी दाबाच्या बाजूचं हाड झिजवतात आणि दुसऱ्या बाजूला नवं हाड भरत जातं. दात सरकतो तो असा, महिन्याला जेमतेम १ मिलिमीटर. पण हीच द्रव्यं नसांना हळवं करतात. म्हणून मऊ घास चावतानाही तुझ्या दातातून कळ जाते. दात थोडे हलल्यासारखे वाटत असतील तर तेही यातलंच, घाबरू नकोस.

या ठणक्याला वेळापत्रक असतं. तार लावल्यावर काही तासांनी सुरू होतो, २४ तासांच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, तिसऱ्या दिवसापासून उतरायला लागतो आणि आठवड्याभरात बहुतेकांचा गेलेला असतो. तुझी ती दुसरी रात्र आठव. नेमकी तेव्हाच कळस व्हायचा होता, आणि तो होऊन गेला. पुढच्या वेळी तार बदलल्यावर दोन-तीन दिवस दात पुन्हा हुळहुळतील, मग शांत होतील. म्हणजे दोन वर्षं रोज दुखणार नाही. दर ४ ते ८ आठवड्यांनी थोडेच दिवस दुखेल. आणि दुखायचं थांबलं म्हणजे तार काम करत नाही, असं समजू नकोस. दात न दुखताही सरकत असतात.

या दिवसांत मऊ आणि गार खा. सुरुवातीच्या बारीक तारा बऱ्याचदा निकेल-टायटॅनियमच्या असतात. त्यातल्या काही गारव्याने थोड्या वेळासाठी सैल पडतात, म्हणून गार पाण्याचा घोट तोंडात धरला की बरं वाटतं. गोळी घ्यायची तर पॅरासिटामॉल, तुझ्या वयाला आणि वजनाला किती ते डॉक्टरांना विचारून. आयबुप्रोफेननेही दुखणं थांबतं, पण ती प्रोस्टाग्लँडिनच कमी करते, म्हणून दात सरकवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसामागून दिवस घेऊ नये. ॲस्पिरिन मात्र तुझ्या वयात आपल्या मनाने कधीच घ्यायची नाही. आणि दुखतंय म्हणून ब्रश टाळू नकोस, मऊ ब्रश घे, हात हलका ठेव. तारेभोवती अन्न साचलं तर हिरड्या सुजतात आणि दुखण्यात आणखी एक भर पडते. दातांवर पांढरे डाग पडतात, ते तारा निघाल्यावरही तिथेच राहतात.

आता दुसरं दुखणं, गालातली तार. आई म्हणते ती सवय याला लागू नाही.

माझ्या मुलीला तुझ्याच वयात तारा लावल्या होत्या. तीही एकदा म्हणाली, आत काहीतरी टोचतंय. मी स्वयंपाकात होते, मागे वळूनही न बघता म्हणाले, “होईल सवय.” तिने पुन्हा विषय काढला नाही. तीन आठवड्यांनी ठरलेल्या तारखेला डॉक्टरांनी तिचा गाल बाजूला केला आणि मला आत बघायला बोलावलं. जखम चांगली खोल होती. त्यांनी तारेचं जास्तीचं टोक कापलं. मिनिटभरही लागलं नाही. एका मिनिटाच्या कामासाठी माझ्या लेकीने तीन आठवडे एका बाजूने जेवण केलं, आणि ते माझ्या एका वाक्यामुळे. ते मी विसरलेले नाही, म्हणून तुला इतकं कळकळीने लिहिते आहे: हे अंगावर काढू नकोस.

वेडेवाकडे दात रांगेत यायला लागले की तारेचा थोडा भाग मागे सरकून बाहेर येतो. यात तुझी चूक नाही. क्लिनिकमध्ये जाईपर्यंत तिथे मेण लाव. तारा लावताना बहुधा मेणाची छोटी डबी दिली असेल. नसेल तर मागून घे. ती जागा आधी कापसाने कोरडी कर, कारण ओल्या तारेवर मेण टिकत नाही. वाटाण्याएवढी गोळी बोटांत मळ आणि टोकावर दाबून बसव. चुकून गिळलीस तरी काही होत नाही. टोक बारीक असेल तर पेन्सिलच्या खोडरबरने हलकेच दाताकडे वळवून बघता येतं. पण घरी कात्रीने किंवा नेलकटरने तार कापायची नाही, तुकडा घशात जाऊ शकतो. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा चुळा भर. टोचणं थांबलं की अशी जखम आठवड्या-दोन आठवड्यांत भरते. नाही भरली तर दाखव.

एखादाच दात दिवसेंदिवस जास्त ठणकायला लागला, चेहऱ्यावर सूज आली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर क्षणभरही थांबायचं नाही.

काढून टाकायचं का, हे पहिल्या आठवड्यात ठरवू नकोस. इतक्या लवकर तारा काढल्या तर सरकलेले दात परत मागे जायला लागतील आणि सोसलेलं सगळं वाया जाईल. तार कापून घे, जखम भरू दे. त्यानंतरही नको वाटलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. दाब कमी करता येतो, हलकी तार वापरता येते. तोंड तुझं आहे. खुर्चीवर बसल्यावर आईनेच सगळं बोलायला हवं असं नाही.

आणि आई. तिला तुझी काळजी नाही असं मला वाटत नाही. तुला दुखताना बघून तिचाही जीव वरखाली होत असणार, आणि अशा वेळी आम्ही आया ‘काही नाही गं’ म्हणून मोकळ्या होतो. पण तारा तुला हव्या होत्या म्हणून दुखल्याचं सांगायचा तुझा हक्क गेला, हे मला मान्य नाही. या वेळी तिला नुसतं ‘दुखतंय’ म्हणू नकोस. उजेडात घेऊन जा, गाल बाजूला कर आणि तिला जखम दाखव. डोळ्यांनी पाहिल्यावर ती ‘सवय होईल’ म्हणणार नाही. हवं तर हे पत्रही वाचायला दे.

उद्या सकाळी क्लिनिक उघडलं की फोन करा. पुढची तारीख लांब असली तरी करा, अशा कामासाठी मधेच बोलावतात. बोलायचं तू, आई शेजारी असू दे. एवढंच सांग: “डावीकडची मागची तार गालात रुततेय, जखम झाली आहे. आज येऊ का?”

तुझी,
मावशी