हंट्सविलचे शेजारी आणि तुमची लेक

ताई, यजमानांना हंट्सविलला नोकरी मिळतेय, पण अमेरिकेतलं ते अलाबामा राज्य म्हणजे कट्टर चर्चवाले, आठ वर्षांच्या मुलीला त्रास होईल का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, घरभाडं यांची माहिती कुठेही मिळेल. तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात शेजारपाजारच घोळतोय, तेवढंच लिहिते.

इथले इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल शब्दशः मानणारे, धर्मप्रचार करणारे ख्रिस्ती, सगळे एका माळेचे मणी नाहीत. मुळात त्यांचंच धोरण बदलत आलंय. पाद्र्यांनी राजकारणात पडू नये, असं प्रवचन 1965 मध्ये देणाऱ्या जेरी फॉलवेल या पाद्र्यांनीच 1979 मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली. सदर्न बॅप्टिस्ट या त्यांच्यातल्या मोठ्या पंथाने 1997 मध्ये डिस्नी कंपनीवर टाकलेला बहिष्कार 2005 मध्ये मागे घेतला. शेजारच्या आजी अजून जुन्याच कट्टर वळणाच्या, आमच्या घरात पाऊल टाकत नाहीत. त्यांची सून मात्र गणपतीला येते. मूर्तीपुढचा प्रसाद घेत नाही, म्हणून नैवेद्य दाखवायच्या आधीच मी तिच्यासाठी पाच मोदक बाजूला काढते. ते ती तूप घालून मिटक्या मारत खाते. मला तिचं हे स्पष्ट वागणं आवडतं.

शाळेचं मात्र अजून डाचतं. इथल्या सरकारी शाळांत 1993 पासून योगावर बंदी होती. 2021 मध्ये उठली, पण मंत्र नाहीत, ‘नमस्ते’ नाही, आसनांची नावं इंग्रजीतच, वर पालकांची लेखी संमती. मला आईने सूर्यनमस्कार शिकवले. लेकीच्या त्या कागदावर सही करताना घशाशी आवंढा आला.



सुट्टीत मुलांना कुठे ठेवायचं, हा खरा प्रश्न. आम्ही दोघं नोकरीवाले, म्हणून लेकीला चर्चच्या व्हेकेशन बायबल स्कूलला, म्हणजे सुट्टीतल्या बायबलच्या शिबिराला, पाठवलं. गाणी, चित्रं, खाऊ, ती खूश होती. मग एका रात्री विचारलं, “आजी येशूला मानत नव्हती, मग ती आता कुठे आहे?” तिथे शिकवणाऱ्या बाईच माझी आई गेली तेव्हा आठवडाभर डबे घेऊन येत होत्या, माझा हात धरून बसत होत्या. त्यांच्यावर रागवावं की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

तुमच्याही लेकीला बोलावणं येईल, तेही मायेनेच. पाठवायचं की नाही, ते दोघांनी आधी बोलून ठेवा. आणि बुधवारी संध्याकाळी तिच्या बऱ्याच मैत्रिणी चर्चला असतील, तेव्हा पोहण्याचा क्लास त्याच दिवशी लावा.