मिस्टरांना हेपटायटिस बी निघाला, मुलांना कॅन्सर लागेल का? – उत्तर

ताई, ऐरोलीच्या कॅम्पमध्ये रक्त दिल्यावर मिस्टरांचा हेपटायटिस बी पॉझिटिव्ह आला, सासूबाईंनी त्यांचं ताट-पेला वेगळा काढला आणि आता मुलांना कॅन्सर लागेल का असं तुम्ही विचारलंय, तर आधी ते ताट परत सगळ्यांच्यात ठेवा. लिव्हरला सूज आणणारा हा व्हायरस एकत्र जेवल्याने पसरत नाही, रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. रेझर, टूथब्रश, नेलकटर तेवढं वेगळं. आणि कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, लागतो तो व्हायरस.

आमच्याकडे कळव्याला हेच झालं. मोठ्या भावाच्या ताटाखाली आईने लाल नेलपॉलिशचा टिपका लावला होता, घासताना इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून, आठ वर्षं तो बिचारा त्याच ताटात जेवला पण त्या आठ वर्षांत सोनोग्राफी एकदाही नाही. काही त्रास नाही ना, मग काही करू नका असं एका डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही निवांत. पोट दुखायला लागलं तेव्हा लिव्हरमधली गाठ लिंबाएवढी झाली होती. आजही तो टिपका डोळ्यासमोर येतो.

हा व्हायरस लिव्हरच्या पेशींच्या जीन्समध्ये स्वतःचा तुकडा घुसवतो, वर सूज वर्षानुवर्षं चालू राहते, पेशी मरतात, नव्या होतात आणि त्यात कधीतरी बिघाड होतो. बहुतेकांना कॅन्सर होत नाही, पण सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब होणं, नसतानाही होऊ शकतो म्हणून लक्ष ठेवायचं. मिस्टरांना लिव्हरच्या डॉक्टरांकडे न्या, एलएफटी (लिव्हर कसं चाललंय ते बघणारी रक्ततपासणी), व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ते) करा, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागेल का ते स्पष्ट विचारा, दारू पूर्ण बंद.

तुमची आणि मुलांची एचबीएसएजी टेस्ट, म्हणजे हा व्हायरस अंगात आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, करा. निगेटिव्ह आलात की तुम्ही लस घ्या, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. मुलांची कार्डं काढून बघा, पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे बाळांना देतात त्या पाच रोगांच्या एकत्र लसीत, ही लस असतेच. जन्मतःच लागण झाली तर १० पैकी ९ बाळांत व्हायरस कायमचा राहतो, मोठेपणी झाली तर १०० त ५ जणांतही नाही, म्हणून पहिला डोस जन्मल्यावर २४ तासांत देतात. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस सुरू केली आणि तिथे मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर खरंच कमी झाला.

मुलगी ९ ते १४ मध्ये असेल तर त्याच फेरीत एचपीव्हीच्या लसीचंही विचारून घ्या, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर त्या व्हायरसमुळे होतो.